फुटपाथवरून खोलीपर्यंत: बेघर माणसाला पुन्हा उभं करण्यासाठी मोहल्ल्यातल्या गटाने काय करावं

डिसेंबरात ब्लँकेटं वाटायला खूप जण येतात. उड्डाणपुलाखाली झोपणाऱ्या एका मामांना एकाच रात्री तीन गटांनी तीन ब्लँकेटं दिली, हे मी पाहिलं आहे. आठवड्याभरात तिन्ही गेली. एक चोरीला गेलं, एक पावसात भिजून कुजलं आणि एक अतिक्रमणाच्या गाडीत गेलं. त्याच मामांनी मला विचारलं होतं, "ताई, पांघरूण राहू द्या. आधारचं काही होईल का?"

आमच्या गटाचं खरं काम त्या प्रश्नापासून सुरू झालं. आम्ही आठ जण आहोत. कुणी शिक्षिका, कुणी मेडिकल दुकानात काम करणारा, दोघं निवृत्त. संस्थेची नोंदणी नव्हती आणि पैसाही फारसा नव्हता. पुढे जे लिहिलं आहे ते असाच गट उभा करू पाहणाऱ्यांसाठी आहे. क्रम जपा, कारण तो चुकला की मेहनत वाया जाते. आधी ओळख, मग कागद, मग तब्येत, मग काम आणि शेवटी खोली. हे सगळं होईपर्यंत ठरलेल्या वारी तोच माणूस त्याला दिसला पाहिजे.

आधी रात्री फिरा

२०११च्या जनगणनेत बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली. देशात पावणेअठरा लाखांच्या आसपास आणि महाराष्ट्रात दोन लाखांहून जास्त माणसं बेघर आढळली. मोजणी रात्री करण्याचं कारण साधं आहे. दिवसा हीच माणसं हमाल असतात, वाढपी असतात, मजूर अड्ड्यावर उभी असतात. ती बेघर आहेत हे रात्री साडेदहानंतरच कळतं.

म्हणून पहिले चार आठवडे काहीही वाटू नका. दोघादोघांच्या जोडीने एक ठरलेला पट्टा धरा: स्टेशनची एक बाजू, एस. टी. स्टँड, एखादा पूल, मोठ्या सरकारी दवाखान्याचं आवार. वार आणि वेळ बदलू नका. थर्मासमधून चहा न्या, शेजारी बसा, नाव विचारा आणि पुढच्या आठवड्यात त्याच नावाने हाक मारा. फोटो आणि व्हिडिओ काढू नका. गटातल्या एखाद्याने मोबाइल बाहेर काढला तर त्याला तिथल्या तिथे थांबवा. आमच्याकडे एकदा हे झालं आणि त्या पट्ट्यातली माणसं पुढचे तीन आठवडे आम्हाला पाहून उठून जात होती.

बायकांशी बोलायला दोन बायकाच जाव्यात. घरातल्या मारहाणीमुळे बाहेर पडलेली बाई असेल तर तिच्या परवानगीशिवाय घरी फोन करायचा नाही. सखी वन स्टॉप सेंटर हे बायकांसाठीचं सरकारी मदत केंद्र आणि १८१ ही महिला हेल्पलाइन तिला समजावून सांगा, ठरवू द्या तिला. एकटं मूल दिसलं तर लगेच १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन.

महिन्याभरात साठ-सत्तर चेहरे ओळखीचे होतील. त्यातल्या फक्त पाच जणांसोबत पहिलं वर्ष काम करा. हे मनाला फार लागतं, पण पन्नास जणांचं थोडं थोडं करणारे गट सहा महिन्यांत दमून थांबतात आणि पन्नासांपैकी एकाचंही आयुष्य हलत नाही. पाच निवडताना सगळ्यात गरीब कोण हे बघू नका. ज्याने स्वतःहून काहीतरी मागितलंय, मग तो कागद असो, काम असो की दात काढून घेणं असो, त्याच्यापासून सुरुवात करा.

कागद: इथे घाई करू नका

त्या मामांचे कागद दुधाच्या रिकाम्या पिशवीत होते. पिशवीला रबर आणि ती बनियनच्या आत, पोटाशी. आत शाळा सोडल्याचा दाखला होता. घडीच्या रेषेवर फाटून त्याचे चार तुकडे झाले होते, पण चारही जपलेले. सोबत बहिणीचा जुना पत्ता आणि एका बांधकाम ठेकेदाराचं कार्ड. त्यांनी ते फरशीवर जोडून दाखवले तेव्हा वाऱ्याने उडू नयेत म्हणून आम्ही चौघांनी चार कोपऱ्यांवर बोटं ठेवली होती. दुसऱ्या दिवशी पहिलं काम केलं ते झेरॉक्स आणि प्लास्टिकच्या फाइलचं. मूळ कागद त्यांच्याकडे, एक प्रत आमच्या फाइलीत. मूळ कागद कधीही स्वतःकडे ठेवून घेऊ नका. कुणीतरी पूर्वी ते ठेवून घेतलेले असतात आणि तोच त्यांचा सगळ्यात मोठा धसका असतो.

आधारसाठी पहिला प्रश्न असा विचारा: "कधी काढलं होतं का?" बहुतेकांनी काढलेलं असतं आणि कार्ड हरवलेलं असतं. अशा वेळी नवी नोंदणी करू नका. बोटांचे ठसे आधीच नोंदलेले असल्याने ती फेटाळली जाते आणि त्यात काही महिने जातात. आधार सेवा केंद्रात जाऊन ठसे किंवा डोळ्यांच्या बाहुल्या जुळवून जुना क्रमांक शोधून घ्या. विटा-सिमेंट उचलून ज्यांचे ठसे झिजलेत त्यांच्यासाठी डोळ्यांचा आग्रह धरा.

आधार कधीच नव्हतं असं असेल तर पत्त्याचा पुरावा हवा. आधारचा एक ठरलेला प्रमाणपत्र-नमुना आहे. त्यावर आमदार, राजपत्रित अधिकारी, तहसीलदार किंवा मान्यताप्राप्त निवारा केंद्राचे प्रमुख सही करू शकतात. प्रमाणपत्र तीन महिनेच चालतं, म्हणून आधी केंद्राची वेळ घ्या आणि मग सही. फोटोवर अर्धा शिक्का आला आहे ना, हे तिथेच तपासा. अठरा वर्षांवरच्या नव्या नोंदणीची राज्य सरकारकडून पडताळणी होते, त्यामुळे काही महिने जाऊ शकतात हे त्याला आधीच सांगा.

आधारला तुमचा मोबाइल नंबर जोडू नका. सोय म्हणून केलेली ही गोष्ट वर्षभराने त्याच्या गळ्यातला फास होते. तुम्ही गाव सोडलंत की त्याचा ओटीपी कायमचा दुसऱ्याच्या हातात राहतो. साधा बटणाचा फोन आणि त्याच्याच नावाचं सिम द्या, आणि नंबर त्याच्या फाइलीत व आपल्या वहीत लिहा. फोन चोरीला जाणार हे धरूनच चाला.

मतदार यादीबद्दल फार थोड्यांना ठाऊक असतं. बेघर माणसालाही नमुना ६ भरून नाव नोंदवता येतं आणि त्यासाठी पत्त्याचा कागद लागत नाही. अर्जात ज्या जागी झोपतो असं लिहिलं आहे, तिथे मतदान केंद्र स्तरीय अधिकाऱ्याने एकाहून जास्त रात्री जाऊन तो खरंच तिथे झोपतो की नाही हे पाहायचं असतं. त्या रात्री तुमच्यापैकी कुणीतरी हजर राहा.

बँकेत आम्हाला एका शाखेने तीनदा परत पाठवलं. एकदा साहेब नव्हते, एकदा फॉर्म संपले होते, एकदा "पत्ता कुठाय?" चौथ्यांदा आम्ही दोघी मामांच्या दोन्ही बाजूंना बसलो आणि जनधन खात्याचा अर्ज लेखी मागितला. खातं त्याच दिवशी उघडलं. एक गोष्ट लक्षात ठेवा: अधिकृत कागद एकही नसला तरी 'लहान खातं' उघडण्याची तरतूद आहे. त्यात एका वेळी ५०,००० रुपयांपर्यंत शिल्लक ठेवता येते, वर्षात एकूण १ लाखापर्यंत जमा होऊ शकतात आणि महिन्याला १०,००० पर्यंत काढता येतात. ते बारा महिने चालतं. तेवढ्या काळात कागदासाठी अर्ज केल्याचा पुरावा दिला तर आणखी बारा महिने. शाखेत हे नाव घेऊनच मागा.

आपल्या गटाचं साधं ओळखपत्रही करून द्या: फोटो, नाव, कुठे काम करतो, आपले दोन फोन नंबर. त्याला कायद्याचं बळ नाही, पण उपयोग मोठा आहे. १९५९चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात अजून लागू आहे. उदरनिर्वाहाचं उघड साधन नसताना सार्वजनिक जागी फिरणं किंवा राहणं हेही त्याच्या व्याख्येत येतं. पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षं संस्थेत ठेवण्याचा आदेश होऊ शकतो. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८मध्ये या कायद्याची बरीच कलमं रद्द केली, पण ती दिल्लीपुरती. आपल्याकडे धरपकड झाली की काम करणारा माणूसही त्या गाडीत बसतो. कुणी उचलला गेला असं कळलं तर त्याच दिवशी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकिलासाठी अर्ज करा आणि मालकाचं किंवा मुकादमाचं कामाचं पत्र न्यायालयात सादर करा.

तब्येत: कामाच्या आधी

"हातपाय धड आहेत, काम का करत नाही?" हा प्रश्न विचारणाऱ्याने एकदा पायातला बूट काढायला सांगावं. पायाच्या जखमा, पिकलेली बोटं, वर्षानुवर्षं दुखणारी दाढ, चष्मा नसलेले डोळे. आमच्या पहिल्या पाचांपैकी एकाला फक्त चष्म्याने पुन्हा कामावर पाठवता आलं. तो शिंपी होता आणि सुईत दोरा ओवता येईना म्हणून त्याने काम सोडलं होतं. ही गोष्ट त्याने कुणालाच सांगितली नव्हती.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी करून घ्या. ती मोफत असते. क्षयाचं औषध सहसा सहा महिने चालतं आणि फुटपाथवर राहून ते पूर्ण करणं फार अवघड जातं. गोळ्या ठेवायला जागा नसते आणि रिकाम्या पोटी त्या सहन होत नाहीत. अशा वेळी जवळच्या टपरीवाल्याकडे किंवा मेडिकलमध्ये गोळ्या ठेवा आणि तिथेच रोज एक अंडं किंवा केळ्याची सोय लावा. निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असताना महिन्याला १,००० रुपये मिळतात, पण ते खात्यात येतात. कागद आधी करा असं म्हटलं ते यासाठीच.

दारूबाबत एक चूक जीवावर बेतते. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाला "उद्यापासून बंद, मग काम देतो" असं कधीही म्हणू नका. अचानक सोडली की दोन-तीन दिवसांत हातांची थरथर, घाम, भास, फिट येऊ शकतात आणि माणूस दगावूही शकतो. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सुटायला हवी. पुण्याच्या मुक्तांगणसारख्या केंद्राने १९८६पासून हे काम केलं आहे. सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागातही सोय होते. परत आल्यावर तो पुन्हा पिणार, हे बहुतेक वेळा घडतं. पुढच्या ठरलेल्या वारीही तुम्ही तिथेच असलं पाहिजे.

जो स्वतःशी बोलतो, कुणाला जवळ येऊ देत नाही, उकिरड्यातलं खातो, त्याला आपण वेडा म्हणून ओलांडून जातो. डॉ. भरत आणि स्मिता वाटवानी यांना मुंबईत गटाराचं पाणी करवंटीने पिणारा एक तरुण दिसला. उपचारांनंतर कळलं की तो पदवीधर आहे. त्यातून १९८८मध्ये श्रद्धा फाउंडेशन उभं राहिलं. पुढे कर्जतला केंद्र झालं, हजारो माणसं औषधोपचारांनी बरी होऊन देशभर आपापल्या घरी पोचली आणि डॉ. वाटवानींना २०१८चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. रस्त्यावरच्या मनोरुग्ण बायकांसाठी अहिल्यानगरजवळ डॉ. राजेंद्र आणि सुचेता धामणे यांची माउली ही संस्था आहे. आपल्यासारख्या गटाने उपचार करायला जाऊ नये, रस्ता काढून द्यावा. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १००नुसार भटकणाऱ्या मनोरुग्णाला संरक्षणात घेऊन चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात नेणं हे पोलीस ठाण्याचं कर्तव्य आहे. त्याला कोठडीत ठेवता येत नाही आणि घरचे शोधण्यासाठी हरवल्याची नोंद करावी लागते. या कलमाची प्रत खिशात ठेवा आणि नम्रपणे दाखवा. बऱ्याच हवालदारांनी ते कलम कधी वाचलेलंच नसतं. वाचल्यावर ते मदत करतात. आधी फोनवर सल्ला हवा असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६.

काम: रोजाचं, मग आठवड्याचं, मग महिन्याचं

दोन-चार वर्षं बेकार असलेल्या माणसाला थेट महिन्याच्या पगाराची नोकरी लावून देणं ही सगळ्यात सर्रास होणारी चूक आहे. आम्हीही ती केली. एकाला गोडाऊनमध्ये लावलं. पहिला पगार पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला होता. म्हणजे चाळीस दिवस बसभाडं कुठून आणायचं, जेवायचं काय? बाराव्या दिवशी तो आला नाही. लोक म्हणाले, "यांना कामाची सवयच नाही." त्याच्याकडे त्या दिवशी बसला दहा रुपये नव्हते.

तेव्हापासून आम्ही तीन टप्पे करतो. पहिला महिना संध्याकाळी हातात पैसे मिळतील असं काम: मंगल कार्यालयात वाढपी, नर्सरीत कुंड्या भरणं, सोसायटीची टाकी धुणं. आठवड्यातून तीनच दिवस. दुसऱ्या महिन्यापासून शनिवारी हिशेब देणारा मालक शोधायचा. तीन महिने टिकल्यावरच पगारी नोकरी, आणि तीही पहिले दोन महिने दर आठवड्याला उचल द्यायला तयार असलेल्या मालकाकडे. उचल नाहीच म्हणाला तर गटाने डब्याचे आणि पासचे पैसे द्यावेत. रोख नको. खानावळवाल्याला परस्पर द्या.

वॉचमनची नोकरी मोहात पाडते, कारण राहायलाही मिळतं. पण सांभाळून. बारा तासांची पाळी, गणवेशाची कपात, आणि नोकरी गेली त्याच संध्याकाळी छप्परही जातं. घेतलीच तर पहिल्या पगारापासून डिपॉझिट साठवायला लावा.

जो आधीच काही करतो आहे त्याचं काम बदलू नका, ते पक्कं करा. अड्ड्यावर उभा राहणारा बांधकाम मजूर असेल तर वर्षभरात नव्वद दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र गोळा करून त्याची इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करा. वय अठरा ते साठ. मुकादम सही द्यायला कुरकुरतो, म्हणून पहिल्या दिवसापासून वहीत तारीख, साइट आणि मुकादमाचं नाव लिहायला लावा. हातगाडीवर विकणारा असेल तर विक्री प्रमाणपत्र किंवा पालिकेचं शिफारसपत्र घेऊन पंतप्रधान स्वनिधीचं कर्ज. २०२०मध्ये पहिलं कर्ज १०,०००चं होतं, पुढे ते १५,००० झालं. माल भरण्यापलीकडे ते खर्च होणार नाही याची खात्री झाल्यावरच अर्ज करा, कारण पहिला हप्ता थकला की पुढचं दार बंद.

कचरा वेचणाऱ्यांसाठी तर आपल्याकडे रस्ता आखलेलाच आहे. पुण्यात १९९३मध्ये बाबा आढाव आणि कार्यकर्त्यांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. ज्यांना चोर म्हणून हुसकत होते त्यांना ओळखपत्रं मिळाली. पुढे त्यातूनच 'स्वच्छ' ही वेचकांच्या स्वतःच्या मालकीची सहकारी संस्था झाली आणि २००८मध्ये तिने महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलायला सुरुवात केली. बायका त्याच, हात तेच. फरक पडला तो घराघरातल्या कचऱ्यावर त्यांचा हक्क मानला गेल्याने. पॅरिसजवळ १९४९मध्ये आबे पिएर या फ्रेंच धर्मगुरूंनी सुरू केलेल्या एमाऊस या संस्थेतही बेघर माणसं भंगार आणि जुनं सामान गोळा करून, दुरुस्त करून, विकून स्वतःचं घर चालवू लागली. आपल्या सोसायटीतली रद्दी आणि जुना कपाट-पंखा यांचा ठेका एखाद्या गटाला दिलात तर सुरुवात त्यातूनही होते.

खोली

सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनुसार मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे बेघरांसाठी एक निवारा हवा, तोही बारमाही आणि चोवीस तास. तुमच्या पालिकेत किती आहेत ते समाज विकास विभागात माहितीच्या अधिकारात विचारा. निवारा चांगला असेल तर पहिले सहा महिने तिथेच राहिलेलं बरं: पत्ता मिळतो, कुलपाची पेटी मिळते, आंघोळ होते. पाठवण्याआधी स्वतः एक रात्र तिथे थांबून बघा.

सलग चार महिने कमाई झाली की कॉट बेसिस किंवा दोघांत एक खोली. डिपॉझिट मालकाला थेट द्या, पण पावती आणि करार त्याच्याच नावाने. भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा असं महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा सांगतो. मालक टाळाटाळ करतील, तरी आग्रह धरा, कारण तोच कागद पुढे रेशन आणि गॅसला लागतो. पहिल्या महिन्याचं भाडं गटाचं, दुसऱ्याचं निम्मं, तिसऱ्यापासून त्याचं.

मग येतो सगळ्यात अवघड पंधरवडा, आणि त्याबद्दल आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मामा खोलीत गेले आणि चौथ्या रात्री पुन्हा पुलाखाली झोपलेले दिसले. गटातल्या एकाला रडू आलं. मामांना विचारलं तर म्हणाले, "आत फार शांत असतं हो. झोपच येत नाही." इतकी वर्षं ट्रकच्या आवाजात आणि दहा माणसांच्या घोरण्यात झोपलेला माणूस चार भिंतींत एकटा पडतो. आम्ही एक जुना रेडिओ आणून दिला. दार उघडं ठेवून, उंबऱ्याशी चटई टाकून ते झोपायला लागले. शेजारच्या वहिनींना आधीच सांगून ठेवलं होतं, त्या रात्री दहाला "जेवलात का मामा?" असं बाहेरून विचारायच्या. महिना लागला. अशा वेळी खोली सोडवून घेऊ नका, भाडं भरत राहा, आणि तो पुलाखाली भेटला तरी रागावू नका.

पहिले सहा महिने दर आठवड्याला भेटा, मग पंधरवड्याला. भेटीत तीनच गोष्टी विचारा: हजेरी किती लागली, भाडं दिलं का, औषध घेतलं का. दारू प्यायलास का हे विचारू नका, तो स्वतः सांगेल. वहीत प्रत्येक खर्च त्याच्यासमोर लिहा आणि त्याला वाचून दाखवा, म्हणजे कोण किती देतंय ते दोघांनाही ठाऊक राहतं.

खोलीची दुसरी किल्ली आमच्याकडे ठेवली होती, काही झालं तर असू दे म्हणून. सातव्या महिन्यात मामा भाड्याची पावती दाखवायला आले आणि जाताना म्हणाले, "ताई, ती किल्ली देऊन टाका आता." मी ड्रॉवर उघडला आणि दिली.